समाजशास्त्रात एम. ए. करताय? मग हा क्रम पाळा

चौथ्या सत्राचा शेवटचा पेपर झाला की मुलं स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहतात. ‘मॅडम, आता पुढे काय?’ नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवताना हा प्रश्न मी दर मे महिन्यात ऐकला आणि दरवेळी मनात एकच यायचं, अरे, हे दोन वर्षांपूर्वी विचारायचं होतंस. तोवर नेटचा, म्हणजे प्राध्यापकीसाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा, एक अर्ज हुकलेला असतो. ओजेटीचे (प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाचे) चार क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, ओळखीच्या ऑफिसातून सही-शिक्का आणून पदरात पाडलेले असतात. शोधप्रकल्प गेल्या वर्षीच्या कुणाचा तरी, गावाचं नाव बदलून केलेला असतो. गुणपत्रिका हातात आणि दाखवायला काही नाही.

आता मी सर्वेक्षणाच्या कामात आहे आणि अशाच मुलांचे अर्ज माझ्या टेबलावर येतात. त्यांचं काय चुकतं ते दोन्ही बाजूंनी पाहिल्यामुळे हे लिहिते आहे. यातल्या बहुतेक गोष्टी अवघड नाहीत, फक्त त्या उलट्या क्रमाने केल्या जातात.

१. आधी जाहिराती, मग प्रवेशअर्ज

एम. ए. करायचं मनात आलं त्या आठवड्यात एक वही करा. तुम्हाला करावंसं वाटेल अशा कामाच्या पाच जाहिराती शोधा आणि त्यातलं ‘शैक्षणिक अर्हता व अनुभव’ एवढंच कलम जसंच्या तसं उतरवून घ्या. पगार, ठिकाण वगैरे नंतर.

हे केलं की सगळ्यात महागडी चूक तिथेच पकडली जाते. समाजशास्त्रातलं एम. ए. आणि समाजकार्यातलं एम. एस. डब्ल्यू. हे एकच आहे असं समजून दरवर्षी मुलं प्रवेश घेतात. सरकारी रुग्णालयातला समाजसेवा अधीक्षक, कौटुंबिक न्यायालयातला समुपदेशक, कारखान्यातला कामगार कल्याण अधिकारी या पदांच्या जाहिरातींत सहसा समाजकार्याची किंवा कामगार कल्याणाची पदवी मागितलेली असते. तिथे समाजशास्त्रात पहिला वर्ग असला तरी अर्ज छाननीतच बाद होतो. पदाच्या नावात ‘सामाजिक’ आहे म्हणजे ते आपलं, असं होत नाही.

मग आपलं काय? सर्वेक्षण आणि संशोधन करणाऱ्या संस्था. स्वयंसेवी संस्थांमधलं मूल्यमापनाचं काम. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. तो पैसा कुठे गेला, काय बदललं, हे मोजून लिहिणारं माणूस लागतं. काम सुरू होण्याआधी एकदा आणि संपल्यावर एकदा मोजायचं, कार्यालयीन भाषेत याला बेसलाइन-एंडलाइन म्हणतात. त्याच वर्षीच्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणाम मूल्यमापन आणलं, तेही याच पठडीतलं काम. शहरांत बाजार संशोधन आणि ॲप वापरणाऱ्यांच्या मुलाखती घेणारं यूएक्स रिसर्चचं काम आहे. त्यांच्या जाहिरातींत ‘समाजशास्त्र’ हा शब्द बहुधा नसतो, पण मुलाखत घेता येते का, हे नक्की विचारतात. शिवाय अध्यापन आणि स्पर्धा परीक्षा. त्या दोन वाटांबद्दल पुढे सविस्तर.

तपासा: वहीतल्या पाचपैकी निदान तीन जाहिरातींत समाजशास्त्राची पदवी चालते का? चालत नसेल तर विषय बदला किंवा स्वप्न तरी बदला. आत्ता बदललं तर काहीच खर्च होत नाही.

२. विभाग निवडणं

बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेच्या पदवीधराला समाजशास्त्रात एम. ए. करता येतं. बी. कॉम. किंवा बी. एस्सी. असाल तर घाबरू नका. आकड्यांची भीती नसलेली मुलं या विषयात हवीच आहेत.

वाटा तीन. पहिली, विद्यापीठाच्या आवारातला विभाग: पुणे, मुंबईत कलिना, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, पणजीजवळ गोवा विद्यापीठ. दुसरी, जवळचं संलग्न महाविद्यालय. तिसरी, इग्नूसारखं दूरस्थ शिक्षण. याशिवाय राज्याबाहेरची केंद्रीय विद्यापीठं आणि मुंबई-तुळजापूरची टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), ज्यांचा रस्ता सीयूईटी-पीजी या परीक्षेतून जातो. लोकसंख्येच्या अभ्यासात रस असेल तर देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था डोळ्यांसमोर ठेवा. तिचं नाव आपल्याकडच्या मुलांना फार उशिरा कळतं.

महाविद्यालय निवडताना माझी एक साधी युक्ती आहे. ग्रंथालयात जा आणि आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध ठेवलेलं कपाट पाहा. वीसपैकी पंधरा शीर्षकं ‘...: एक समाजशास्त्रीय अभ्यास’ अशी असतील आणि सगळ्यांत नमुना (अभ्यासासाठी निवडलेली माणसं) बरोब्बर शंभर असेल, तर तिथे तुमच्याकडून काय करून घेतलं जाणार आहे ते तुम्हाला कळलं. मग दोन प्रश्न विचारा. पूर्णवेळ शिक्षक किती आहेत आणि गेल्या वर्षी मुलं ओजेटीला कुठे गेली होती? दुसऱ्या प्रश्नाला ‘ते तुमचं तुम्ही बघायचं’ असं उत्तर आलं, तर तेही एक उत्तरच आहे.

घरची जबाबदारी किंवा नोकरी असेल तर इग्नू वाईट नाही. आणि इग्नूत नसलात तरी तिचं अभ्याससाहित्य ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर फुकट मिळतं, ते उतरवून ठेवा.

चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यांना नव्या धोरणाप्रमाणे एम. ए. एका वर्षाचं आहे. तीन वर्षांची पदवी असेल तर दोन वर्षांचं.

३. कागदपत्रं आणि परीक्षा: इथे वर्ष वाया जातं

‘निकाल लागला की बघू’ हे वाक्य डोक्यातून काढून टाका. सीयूईटी-पीजीचे अर्ज हिवाळ्यातच सुरू होतात आणि परीक्षा साधारण मार्चमध्ये होते. म्हणजे तृतीय वर्षाच्या पाचव्या सत्राची परीक्षा देता देता हा अर्ज भरायचा असतो. जूनमध्ये चौकशीला येणाऱ्यांसाठी ते दार बंद झालेलं असतं. मग उरतात राज्यातली विद्यापीठं, जिथे आवारातल्या विभागांची प्रवेशपरीक्षा आणि महाविद्यालयांची गुणवत्ता यादी उन्हाळ्यात किंवा त्यानंतर लागते.

क्रम असा ठेवा:

पहिलं, अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) आणि शैक्षणिक क्रेडिट बँकेचं खातं. त्यावरचं नाव दहावीच्या प्रमाणपत्रावरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं इथे हमखास अडतं. राजपत्राची प्रत आधीच काढून ठेवा.

दुसरं, जातीचे दाखले. इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. महाराष्ट्र शासनाच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमिलेयर केंद्रीय संस्थेत चालत नाही. त्यांना केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र लागतं आणि ते ताजं लागतं. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग हे आपले राज्यातले प्रवर्ग आहेत. केंद्राकडे या नावाचा रकानाच नाही, त्यामुळे आपली जात केंद्राच्या कोणत्या यादीत आहे ते स्वतः पाहून घ्या. एसईबीसीचा (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गाचा) दाखलाही राज्यापुरताच. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्र आर्थिक वर्षागणिक बदलतं. मार्चमध्ये काढलेलं जुलैत दाखवलं की खिडकीवरचा बाबू ते परत सरकवतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

तिसरं, दुसऱ्या विद्यापीठात जाणार असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र. त्याला दिवस लागतात.

सावधान: सीयूईटी-पीजीचा अर्ज भरला म्हणजे विद्यापीठात अर्ज झाला, असं नाही. टिस असो की दिल्ली, प्रत्येक संस्थेच्या स्वतःच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते. चांगले गुण मिळूनही केवळ ही दुसरी नोंदणी राहिली म्हणून घरी बसलेली मुलगी माझ्या वर्गात होती. आणखी एक, या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात आणि समाजशास्त्राची प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत असते. मराठीतून शिकलेल्यांनी पुढचा टप्पा म्हणूनच लक्ष देऊन वाचावा.

प्रवेश झाला की त्याच आठवड्यात महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज. ‘नंतर भरू’ म्हणणाऱ्यांची फी पूर्ण जाते.

४. पहिल्या सत्रातली शब्दवही

मराठी माध्यमातून एम. ए. करणं हा कमीपणा नाही. अडचण वेगळीच आहे: एकाच संकल्पनेची तीन नावं. समाजशास्त्रज्ञ दुर्खीमची ॲनॉमी (समाजाचे नियम सैल पडल्याची अवस्था) आपल्या पाठ्यपुस्तकांत प्रमाणकशून्यता असते, हिंदी प्रश्नपत्रिकेत ती प्रतिमानहीनता होऊन येते. आपला आप्तसंबंध तिकडे नातेदारी होतो, आपली नमुना निवड तिकडे प्रतिचयन किंवा निदर्शन. मार्क्सची परात्मता हिंदीत अलगाव. विषय पक्का येत असताना केवळ शब्द ओळखीचा नाही म्हणून प्रश्न सोडून आलेली मुलं मी पाहिली आहेत.

म्हणून पहिल्या दिवसापासून एका वहीत चार रकाने आखा: मराठी, इंग्रजी, हिंदी, आणि चौथ्यात स्वतःच्या गल्लीतलं एक उदाहरण. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. ‘संदर्भ गट’ याची व्याख्या पाठ करून काही होत नाही. गावातल्या पोराने पुण्यातल्या आतेभावासारखे केस कापून घेतले, हे लिहिलं की संकल्पना तुमची झाली. रोज तीन शब्द. दिवाळीपर्यंत दोनशेच्या पुढे जाल.

मराठीतच एक जागा निसरडी आहे. काही पुस्तकं ‘गृहीतक’ हा शब्द आपण तपासायला घेतलेल्या विधानासाठी वापरतात, काही आधीच मान्य धरलेल्या गोष्टीसाठी. शोधप्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत यावरून फटफजिती होते. तुम्ही तो कोणत्या अर्थाने वापरताय ते पहिल्याच पानावर लिहा.

वाचनाबद्दल एवढंच सांगते, प्रत्येक विचारवंताचा निदान एक मूळ मजकूर वाचा, गाईड नव्हे. डॉ. आंबेडकरांनी १९१६मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या परिसंवादात वाचलेला भारतातील जातींवरचा निबंध चांगली सुरुवात आहे. तो लहान आहे, युक्तिवाद पायरीपायरीने जातो आणि विद्यार्थी असताना त्यांनी तो लिहिला हे विसरू नका.

५. प्रश्न विचारायला शिका

हा टप्पा मी मुद्दाम लांबवणार आहे. राज्यातल्या विद्यापीठांत सध्याच्या आराखड्यात दोन वर्षांच्या एम. ए. चे ८८ क्रेडिट असतात. त्यात संशोधन पद्धती पहिल्याच सत्रात ४ क्रेडिटची येते. मुलं तो पेपर पाठांतर करून काढतात, नोकरीच्या मुलाखतीत मात्र सगळ्यात जास्त तोच विचारला जातो.

माझ्या स्वतःच्या प्रबंधात शंभर घरी प्रश्नावली फिरवली होती. त्यात सातवा प्रश्न असा: ‘आपण जातिभेद मानता का? होय / नाही.’ अठ्ठ्याण्णव जणांनी ‘नाही’वर खूण केली. मी मोठ्या आनंदाने निष्कर्ष काढला की गावातून जातिभेद गेला. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी चष्मा वर करून विचारलं, ‘त्या दोघांचं काय झालं?’ त्यांना त्या दोघांतच रस होता. खरं बोलले होते ते दोघेच!

चांगला प्रश्न माणसाला स्वतःबद्दल निवाडा करायला लावत नाही, केलेली गोष्ट सांगायला लावतो. ‘तुम्ही मानता का’ ऐवजी, ‘गेल्या लग्नात जेवणाच्या पंगतीला कोण कोण होतं?’, ‘घरकामाला येणाऱ्या मावशींना चहा देता का? त्यांचा कप कुठे ठेवलेला असतो?’ कपाचं उत्तर देताना माणूस स्वयंपाकघराकडे बघतो, क्षणभर थांबतो, मग बोलतो. ते थांबणंही टिपून घ्यायचं.

दुसरा नमुना. ‘तुम्ही काम करता का?’ असं गावातल्या बाईला विचारा. ती म्हणेल, ‘नाही, घरीच असते.’ फॉर्मवर ‘गृहिणी’ म्हणून खूण होते. आता तिला विचारा, ‘काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?’ शेण काढलं, दोन म्हशींची धार काढली, डेअरीत दूध घातलं, दुपारी भुईमुगात खुरपायला गेले, संध्याकाळी वैरण आणली. बाई तीच, पण एका फॉर्मवर ती काहीच काम न करणारी आहे आणि दुसऱ्यावर दिवसाला दहा तास राबणारी. सर्वेक्षणात स्त्रियांचं काम दिसेनासं होतं ते बऱ्याच अंशी असंच.

सराव असा करा:

एक विषय घ्या आणि दहा प्रश्न लिहा. एका वाक्यात दोन प्रश्न असतील तर तोडा. ‘शिक्षण व आरोग्य सुविधांबाबत समाधानी आहात का’ याला उत्तरच देता येत नाही. मग ते प्रश्न घरच्यांना नव्हे, अनोळखी पाच जणांना विचारा. जिथे समोरचा ‘म्हणजे?’ म्हणतो तो प्रश्न बाद. जिथे पाचही जण एकच उत्तर देतात तोही बहुधा बाद. उरलेल्यांचा क्रम लावा. उत्पन्न आणि जात कधीही सुरुवातीला नको, चहा होऊ द्या.

तपासा: प्रश्न मोठ्याने वाचा. तुमची आजी असं बोलेल का? ‘आपल्या कुटुंबाची निर्णयप्रक्रिया कशी आहे’ असं मराठी कुणी बोलत नाही. ‘टीव्ही घ्यायचा कुणी ठरवलं?’ हे सगळे बोलतात.

६. आकडा वाचायला शिका

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीची (२०१९-२१) जिल्हानिहाय माहितीपत्रकं मोफत मिळतात. आपल्या जिल्ह्याचं पत्रक उघडा आणि एका ओळीवर एक संध्याकाळ घालवा. उदाहरणार्थ, १८ वर्षांआधी लग्न झालेल्या स्त्रियांची ओळ. देशाचा आकडा २३.३ टक्के आहे. मुलं लगेच लिहितात: ‘भारतात २३.३ टक्के लग्नं बालविवाह असतात.’ चूक. सर्वेक्षणाच्या वेळी ज्या स्त्रियांचं वय २० ते २४ होतं, त्यांच्यातल्या इतक्या जणींचं लग्न १८च्या आत झालेलं होतं. म्हणजे ही लग्नं काही वर्षांपूर्वीची, आणि टक्का बायकांचा, लग्नांचा नव्हे. कोणत्याही टक्केवारीखाली ‘कशापैकी?’ असं पेन्सिलीने लिहायची सवय लावून घ्या.

साधनांत एक्सेल नीट येऊ द्या. पिव्हट टेबलने (माहितीचा गोषवारा काढणाऱ्या तक्त्याने) निम्मं काम होतं. आकडेवारीचं सॉफ्टवेअर हवं तर एसपीएसएस विकत घ्यावं लागतं. आर आणि जॅमोव्ही फुकट आहेत. मोबाइलवर फॉर्म भरून घ्यायला कोबो टूलबॉक्स शिका. एका रविवारचं काम आहे आणि बायोडेटात तो शब्द दिसला की मी तो अर्ज बाजूला काढून ठेवते.

७. ओजेटी: सह्या गोळा करू नका

दुसऱ्या सत्रात ओजेटी किंवा क्षेत्रप्रकल्पाचे ४ क्रेडिट असतात. काकांच्या पतसंस्थेतून प्रमाणपत्र आणणं सोपं आहे. पण याच चार क्रेडिटच्या जोरावर पहिली नोकरी लागते, म्हणून डिसेंबरपासूनच शोध सुरू करा.

जवळच्या दहा संस्थांना पत्र लिहा. पत्रात ‘मला संधी द्यावी’ असं न लिहिता तुम्ही काय करून द्याल ते लिहा: ‘मी मराठीतून मुलाखती घेऊन त्यांचं शब्दशः लेखन करू शकते, आठवड्याला सहा मुलाखती.’ मुलाखतींच्या लेखनाला माणसं सगळीकडे कमी पडतात. दहापैकी दोन उत्तरं आली तरी पुरे.

गेल्यावर रोजनिशी ठेवा. रात्री नऊच्या आत त्याच दिवशीची नोंद. दुसऱ्या दिवशी लिहिलेली नोंद म्हणजे अर्धी कल्पना.

८. शोधप्रकल्प

तिसऱ्या-चौथ्या सत्रात मिळून १० क्रेडिट यावर आहेत. चुका ठरलेल्या असतात.

विषय फार मोठा. ‘महाराष्ट्रातील ऊसतोड कामगारांच्या समस्या’ हे आयोगाचं काम झालं. ‘आमच्या तालुक्यातल्या एका गावात, आईवडील ऊसतोडीला गेल्यावर मागे आजीकडे राहणाऱ्या मुलांची शाळा’, हा तुमच्या आवाक्यातला. शीर्षकात ‘समस्या’ शब्द आला तर थांबा. उत्तर आधीच ठरवून तुम्ही निघालेले असता.

नमुना शंभरच का? कारण वरच्या वर्गातल्या ताईने शंभर घेतला होता. सखोल मुलाखती करणार असाल तर बारा-पंधरा चांगल्या मुलाखती पुरतात, मात्र तीच माणसं का निवडली हे सांगता आलं पाहिजे. ओळखीच्यांकडूनच फॉर्म भरून घेतले असतील तर तसं स्पष्ट लिहा. ‘यादृच्छिक नमुना’ (चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड) असं खोटं लिहिलेलं परीक्षकाला दुसऱ्या प्रश्नात कळतं.

संमती तोंडी घेतलीत तरी आधी घ्या, आणि रेकॉर्डर लावण्यापूर्वी विचारा. नावं बदला. लहान गावात नाव बदलूनही माणूस ओळखू येतो. ‘गावातली एकमेव पदवीधर विधवा सरपंच’ असं लिहून टोपणनाव दिलं तर काय उपयोग?

शोधगंगा या संकेतस्थळावर आधीचे पीएच. डी.चे प्रबंध फुकट वाचता येतात. मांडणी पाहायला जा, उतरवून घ्यायला नको. तपासणीचं सॉफ्टवेअर आता विद्यापीठांत आहे.

सावधान: प्रबंध युनिकोडमध्येच टाइप करा. डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप करून घेतलेली फाइल ईमेलने पाठवली की समोर रांगोळी उमटते. दोन वर्षांचं काम नोकरी देणाऱ्याला उघडताच येत नाही.

९. नेट, सेट आणि स्पर्धा परीक्षा

नेट वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर सत्राची. शेवटच्या वर्षात असतानाच अर्ज करता येतो, म्हणून पहिला प्रयत्न तिसऱ्या-चौथ्या सत्रातच करा. पेपर एक ५० प्रश्नांचा १०० गुणांना, पेपर दोन, म्हणजे विषयाचा, १०० प्रश्नांचा २०० गुणांना, एकत्र तीन तास. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्तीसाठी वय ३०च्या आत लागतं, स्त्रिया आणि राखीव प्रवर्गांना सवलत आहे. २०२३पासून ती दरमहा ३७,००० रुपये आहे. म्हणजे पीएच. डी. करताना घरी पैसे मागायला नकोत.

नेटसाठी एम. ए. ला ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी नॉन-क्रिमिलेयर आणि दिव्यांगांना ५०. ईडब्ल्यूएसना ही सवलत नाही, हे बऱ्याच जणांना निकालानंतर कळतं.

सेट ही तशीच राज्य पातळीवरची परीक्षा पुणे विद्यापीठ घेतं. ती महाराष्ट्र आणि गोव्यापुरतीच ग्राह्य आहे, तिला वयाची अट नाही, छात्रवृत्तीही नाही. समाजशास्त्राची प्रश्नपत्रिका मराठीतूनही असते, मराठी माध्यमवाल्यांना हा मोठा आधार. दोन्हींत विषयाच्या पेपरचा अभ्यासक्रम सारखाच: दहा घटक, त्यातला दुसरा घटक संशोधन पद्धती. पाचव्या टप्प्यावर घाम गाळलेला असेल तर तो इथेही कामी येतो.

आणि आता कटू भाग. सेट-नेट म्हणजे नोकरी नव्हे. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं हे खरं. पण कायम जागा थोड्या निघतात आणि बहुतेकांची सुरुवात तासिका तत्त्वावर होते. जितके तास तितके पैसे, उन्हाळ्याची सुट्टी बिनपगारी, बिल निघायला महिनोन्‌महिने. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचं तर एम. ए. नंतर बी. एड. लागतं. घरी बसून ‘जाहिरात निघेल’ म्हणत चार वर्षं काढू नका. दुसरं काम करत करत अर्ज भरा.

स्पर्धा परीक्षांसाठी: यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत समाजशास्त्र वैकल्पिक विषय आहे, २५० गुणांचे दोन पेपर, आणि उत्तरं मराठीतून लिहिता येतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५पासून वर्णनात्मक झाली आणि तिथेही हा विषय घेता येतो. एम. ए. झालंय म्हणून तयारी झाली, हा भ्रम ठेवू नका. विद्यापीठात पंधरा गुणांना चार पानं लिहायची सवय लागलेली असते, इथे दीडशे-दोनशे शब्दांत विचारवंत, युक्तिवाद आणि उदाहरण बसवावं लागतं. आणि एमपीएससीची तयारी करताना मर्यादा घाला, दोन प्रयत्न, तीन प्रयत्न, जे काय असेल ते. पुण्यातल्या पेठांमधल्या अभ्यासिकांत तिशी ओलांडलेली माझी किती मुलं भेटतात ते सांगवत नाही.

१०. पहिल्या नोकरीचा अर्ज

बायोडेटा एक पान, फार तर दीड. ‘उद्दिष्ट’ म्हणून वरती लिहिलेला परिच्छेद खोडा, तो कुणी वाचत नाही. त्या जागी तीन ओळी: किती मुलाखती घेतल्या, कुठल्या बोलींतून घेता येतात, कोणतं सॉफ्टवेअर येतं. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, कोकणी येत असेल तर ते ठळक लिहा. नंदुरबारच्या सर्वेक्षणाला पुणेरी मराठी बोलणारा पाठवून काय करायचं, हा आमचा नेहमीचा डोकेदुखीचा विषय आहे. भाषांच्या रकान्यात मराठी, हिंदी, इंग्रजी एवढंच लिहून मुलं स्वतःची सगळ्यात किमती गोष्ट लपवून ठेवतात.

सोबत जोडा: शोधप्रकल्पाचं दोन पानी सार, तुम्ही तयार केलेली प्रश्नावली, आणि ओळख पुसलेल्या एका मुलाखतीचं लेखन. पूर्ण प्रबंध नको.

मुलाखतीत ‘तुमच्या अभ्यासात काय चुकलं?’ असं विचारलं जाईल. ‘काही नाही’ म्हणणारा बाद. मी असते तर माझ्या प्रबंधातल्या सातव्या प्रश्नाची गोष्ट सांगितली असती.

तुम्हीही विचारा. करार किती महिन्यांचा? फील्डवरच्या प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च आगाऊ की नंतर? गाडी स्वतःची वापरली तर पेट्रोल कोण देणार? मुलींनी संध्याकाळनंतरच्या भेटी आणि मुक्कामाची सोय यांबद्दल स्पष्ट विचारावं. जी संस्था या प्रश्नावर वैतागते तिथे पुढेही वैतागच आहे.

या क्षेत्रातल्या पहिल्या नोकऱ्या बहुतेक प्रकल्पापुरत्या असतात, सहा महिने, अकरा महिने. अनुभव प्रमाणपत्र प्रकल्प संपायच्या महिनाभर आधीच मागून घ्या आणि त्यात तुमचं पद, तारखा आणि केलेलं काम लिहून घ्या. प्रकल्प संपला की ऑफिसचं भाड्याचं घर सुटतं, सही करणारे साहेब दुसऱ्या राज्यात गेलेले असतात आणि त्यांचा जुना नंबर लागत नाही.